गाळलेली ओळ

झेरॉक्सच्या यंत्रातून एकामागून एक काळी पानं बाहेर पडत होती आणि प्रत्येक पानागणिक खिमचं तोंड उतरत होतं. धडा तिनं गुलाबी आणि हिरव्या मार्करनं रंगवला होता. महत्त्वाचं तेवढंच रंगवा, असं बाई म्हणाल्या होत्या. पण खिमला सगळंच महत्त्वाचं वाटे, त्याला ती तरी काय करणार?

"मावशी, यंत्र बिघडलंय की पुस्तक?"

खिमनं वळून पाहिलं. मागे एक उंच मुलगा उभा होता. गुलाबी दुधाची प्लास्टिकची पिशवी बोटाला अडकवून नळीनं सावकाश दूध पीत होता.

"माझ्या यंत्राला नावं ठेवू नकोस हां," दुकानदारीण लम्दुआन मावशी कडाडली. "या पोरीनं पुस्तकाला मेंदी काढलीय."

मुलानं एक पान उचललं. "सगळंच रंगवलंयस. मग यातलं महत्त्वाचं काय?"

"सगळंच!"

"म्हणजे काहीच नाही."

असल्या आगाऊपणाला एरवी खिमनं चांगलं सुनावलं असतं. पण त्या दिवशी तिचा राग आधीच दुसऱ्या कुणावर तरी होता, आणि आयता श्रोता समोर उभा होता. थायलंडमधल्या त्या कॉलेजात जुनी रीत होती. ज्याच्या नोंदणी क्रमांकाचे शेवटचे आकडे तुमच्याशी जुळतील, तो वरच्या वर्गातला विद्यार्थी तुमचा 'पी', म्हणजे थोरला. त्यानं धाकट्याला आपल्या नोट्स द्यायच्या, खाऊ घालायचा, काय हवं नको पाहायचं. नाव मात्र धागा बांधायच्या दिवसापर्यंत सांगायचं नाही. नुसती एखादी खूण पाठवायची.

"माझा पी कोण आहे देव जाणे!" खिम म्हणाली. "चार धड्यांच्या नोट्स म्हणून अर्धं पान पाठवलंय. अर्धं! चिक्कूपणालाही काही मर्यादा? आणि खूण काय, तर 'मी कमी बोलतो'. सोबत सुक्या केळ्यांची पिशवी, तीही अर्धी!"

मुलाला ठसका लागला. "अर्धी कशी?"

"कुणीतरी आधीच हादडलेली."

"नोट्स पोचवणाऱ्यानं खाल्ली असतील."

"तुम्ही का त्याची बाजू घेताय?"

"कमी बोलणाऱ्यांची बाजू कुणीतरी घ्यायला नको?" असं म्हणून त्यानं दुधाचा शेवटचा घोट ओढला आणि निघून गेला. लम्दुआन मावशी उगीचच हसत राहिली.

ती का हसली, ते खिमला धाग्याच्या दिवशी कळलं. मोठ्या सभागृहात केळीच्या पानांचा द्रोण फुलांनी सजवून ठेवला होता, भोवती थोरले ओळीनं बसले होते आणि धाकटे गुडघ्यांवर सरकत आपापल्या पीसमोर जात होते. ईसानातली, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागातली माणसं मानतात, की जिवाच्या आत आणखी एक जीव असतो, ख्वान. तो मोठा भटका. माणूस घाबरला, दूर गेला, की हा अंगातून निसटतो आणि मागेच कुठंतरी रेंगाळतो. म्हणून मनगटाला पांढरा धागा बांधून त्याला जागेवर ठेवायचं. खिम आपला क्रमांक शोधत पुढं आली, आणि समोर पाहते तो गुलाबी दूधवाला!

मधल्या दोन वर्षांत तो आकडा कुणाच्याच वाट्याला आला नव्हता, म्हणून शेवटच्या वर्षाचा डिन पहिल्या वर्षाच्या खिमचा पी झाला होता.

शेजारचे थोरले धाग्यासोबत लांबलचक आशीर्वाद देत होते. सुख, आरोग्य, लॉटरी, काही म्हणून राहिलं नव्हतं. डिननं गाठ मारली आणि म्हणाला, "पास हो."

"बस्स?"

"पोटभर जेवत जा."

"त्या दिवशी गप्प का बसलात? मी एवढं बोलले ते!"

"तू बोलायला जागा ठेवली होतीस?"

खिमच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याच्या बोटांचा स्पर्श जेमतेम झाला होता. तरी पुढं कितीतरी दिवस धागा सैल झालाय का, हे बघायच्या निमित्तानं ती मनगट चाचपत राहिली.

मग शिकवणी सुरू झाली. वाचनालयाच्या मागे, बहाव्याखालच्या दगडी बाकावर. उतारावाचन आणि सारांशलेखन हा विषय खिमला यमासारखा वाटे. पहिल्या चाचणीत तिचा सारांश मूळ उताऱ्याहून लांब झाला होता, आणि बाईंनी तो वर्गात वाचूनही दाखवला होता.

"पेन खाली," डिन म्हणाला. "आधी नुसतं वाच. ... झालं? आता पुस्तक मीट. मी लम्दुआन मावशी आहे असं समज. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबलीत. काय वाचलंस, चटकन सांग."

उतारा मिठाच्या गावाबद्दल होता. खिम स्वतः तसल्याच गावची. उन्हाळ्यात तिची आई शेतातली खारी माती धुऊन ते पाणी चुलीवर आटवायची. त्यामुळे खिमला भरतंच आलं. ती सांगू लागली... खारी जमीन, मातीची गाळणी, चुलवण, म्हातारी, म्हातारीच्या पायाशी निजणारा लंगडा कुत्रा...

"गिऱ्हाइकं निघून गेली," डिन म्हणाला.

"अजून मीठ व्हायचंय!"

"कुत्रा काढ."

"का?"

"कुत्रा नसला तर मीठ होणार नाही का?"

"होईल... पण म्हातारीला एकटं वाटेल ना!"

डिन हसला. तो असा क्वचित हसायचा. हसला की डोळे जवळजवळ मिटायचे आणि हात आपोआप मानेमागे जायचा. खिमनं त्या दिवशी वहीत काय उतरवलं कुणास ठाऊक, पण हे मात्र पक्कं मनात उतरवून घेतलं.

"हे बघ," तो म्हणाला, "तुझी आई एवढं पाणी आटवते, तेव्हा मूठभर मीठ हाती लागतं. पाणी गेलं म्हणून रडत बसते का?"

"ती नाही रडत. मला वाईट वाटतं."

त्यानं पुस्तक बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "गाळणं म्हणजे विसरणं नाही, खिम. विसरलेलं आपल्याला न विचारता जातं. गाळायचं ते हातानं उचलून बाजूला ठेवावं लागतं. म्हणून प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचं, हे विसरलं की गाळलं? जे मुद्दाम गाळलंस, ते तुझंच राहतं."

एवढं मोठं वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. बोलून स्वतःच ओशाळला आणि भाजलेल्या चिकट भाताचा गोळा मोडून त्यातला अर्धा तिच्या हातावर ठेवला. त्याचं सगळंच असं अर्धं. संत्रं सोललं की अर्धं तिला. बोलणं आलं की अर्धं तोंडात, अर्धं... ते अर्धं कुठं जायचं, हेच तर खिमला जाणून घ्यायचं होतं.

थंडी पडली. वाऱ्यानं वहीची पानं उडू लागली, आणि ती धरायला दोघांचे हात एकाच वेळी पुढं येऊ लागले. आधी मागे कुणाचा जायचा, हे ठरलेलं होतं. डिनचा. खिम तशीच पानावर हात ठेवून बसायची. थोडा वेळ राहू दिला असता, तर काय आकाश कोसळणार होतं?

खरं सांगायचं तर एव्हाना तिला सारांश लिहिता येत होता. झकास येत होता. कोण, काय, मग काय झालं. उदाहरणं बाहेर, विशेषणं बाहेर. आपल्या शब्दांत लिहून पुन्हा मुळाशी ताडून बघायचं. खोलीवर ती फटाफट लिहायची. आणि बाकावर आली, की सुंदर नेटक्या सारांशात शेवटी हळूच एक ओळ घुसडायची. कधी कुत्रा, कधी कुणाची हरवलेली छत्री, कधी मावशीचा पंखा.

"पुन्हा कुत्रा?" डिन कपाळाला हात लावायचा.

"राहून गेला."

"उद्या परत बसू या."

आणि तो 'उद्या' पदरात पाडून खिम खुशीत परतायची.

जानेवारीच्या शेवटी एके दुपारी तो म्हणाला, "मला नोकरी लागली. मे होंग सोनला. डोंगरातली शाळा. मार्चमध्ये जायचं."

त्याच्या नेहमीच्या नोट्ससारखंच. एक अक्षर जास्त नाही. खिम म्हणाली, "अभिनंदन, पी डिन." आणि वही मिटली.

"तू बोल ना सरळ," खोलीतली मैत्रीण नुई म्हणाली. "एरवी तोंडाला कुलूप नसतं."

"मी बोलले, की मला थांबता यायचं नाही, नुई. आणि त्यांच्या मनात नसलं, तर एवढं सगळं उचलून परत कुठं ठेवू?"

"मग तो बोलेल म्हणून वाट बघ. दगडाला पाझर फुटला तर फुटला!"

खिम वाट बघत राहिली. त्याच्या प्रत्येक अर्ध्या वाक्यानंतर कान टवकारून, श्वास धरून. बहाव्याला पिवळे झुपके लोंबू लागले, पाकळ्या वहीत पडू लागल्या. डिन त्या फुंकर मारून उडवायचा आणि म्हणायचा, "पुढचा उतारा."

परीक्षेत तिनं काही घुसडलं नाही. निकाल लागला तेव्हा त्या विषयात ती वर्गात पहिली होती. डिननं गुणांचा कागद वाचला, पुन्हा वाचला. "झालं," तो म्हणाला. "आता माझी गरज नाही." त्याचा हात मानेमागे गेला, पण डोळे हसले नाहीत. खिमला वाटलं, नापास झाले असते तर बरं झालं असतं.

निरोपाच्या दिवशी रीत उलटी होते. धाकटे थोरल्यांच्या मनगटाला धागा बांधतात, आणि बांधताना तीन ओळी म्हणायच्या असतात. पिढ्यान् पिढ्या त्याच. वाट सुखाची होवो. ताट भरलेलं राहो. ख्वाना, याच्या संगती जा, मागं राहू नकोस.

डिननं हात पुढं केला. बाहेर स्टेशनकडे जायची गाडी उभी होती, तिच्यात त्याची बॅग चढलीसुद्धा होती. खिमनं धागा घेतला. वर्षभर वाट पाहिलेलं वाक्य आता या दोन-चार श्वासांत आलं तर आलं, नाहीतर डोंगरापलीकडे गेलं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो तिच्या बोटांकडे बघत होता.

"वाट सुखाची होवो," खिम म्हणाली. "ताट भरलेलं राहो."

तिनं गाठ मारली. आणि हात मागे घेतला.

डिन थांबला. शेजारी एकजण घडाघडा तिन्ही ओळी म्हणून मोकळा झाला, दुसरा पुढं सरकला. डिन तसाच हात पुढं धरून बसला होता.

"एक ओळ राहिली," तो हळूच म्हणाला.

खिमनं मान खाली घातली.

"खिम... विसरलीस? की गाळलीस?"

तिनं मान वर केली. डोळे भरले होते, तरी नजर हलू दिली नाही. "गाळली."

त्याचे डोळे मिटत आले, हात मानेमागे गेला आणि तिथंच राहिला. कमी बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर सगळं एकदम आलं, तर ते असं दिसतं. मग तो उठला, तिला घेऊन सभागृहाबाहेर आला आणि बहाव्याखालच्या त्या बाकापाशी थांबला.

"तुला डिसेंबरपासूनच कुत्रा गाळता येत होता," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर शिकवणी संपली असती."

खिम रडता रडता हसली, हसता हसता पुन्हा रडली. "आणि बाकीचं? बाकीचं का नाही बोललात?"

"मी तर जाणार. तू पहिल्या वर्षाला. तुला कशाला अडकवायचं... म्हणून म्हटलं, राहू दे." तो अडखळला. "थोडक्यात सांगायचं तर, मला तू—"

"थोडक्यात नको!" खिमनं त्याचा हात धरला. या वेळी तो मागे गेला नाही. "सारांश पुरे झाले, पी डिन. मला मूळ उतारा हवाय. सगळा. फालतू गोष्टींसकट."

"मोठा आहे गं."

"असू दे."

"गाडी सुटेल."

"संध्याकाळी दुसरी आहे."

त्यानं गाडीवाल्याला हात करून बॅग उतरवायला सांगितली. गाडीवाला पुटपुटला, लम्दुआन मावशी दुकानाच्या दारातून मान लांब करून बघू लागली, पण तिकडे कुणाचं लक्ष होतं! डिन बाकावर बसला. मोठा श्वास घेतला.

"त्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात फार उकडत होतं," तो म्हणाला. "मावशीच्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं. माझ्या हातात गुलाबी दूध होतं, आणि समोर एक मुलगी होती. तिच्या गालाला हिरव्या मार्करचा डाग लागला होता..."

"केळी कुणी खाल्ली, ते पण सांगा."

"मीच खाल्ली. मध्ये बोलू नकोस, मला सवय नाही."

"आणि कुत्रा?"

"येतो. कुत्रा पण येतो."

खिमनं त्याच्या खांद्याला डोकं टेकलं. तो सांगत राहिला, अडखळत, मागे जात, विसरलेलं मधेच घालत. त्याला सगळं आठवत होतं. कोणत्या दिवशी तिनं कोणत्या रंगाची रिबीन लावली होती, तेसुद्धा.

संध्याकाळच्या गाडीनं डिन डोंगराकडे गेला. त्याचा ख्वान मात्र खिमपाशीच राहिला. तिनं ती ओळ गाळली, तेव्हाच तसं ठरलं होतं.