उतरतानाची चूक

त्याची आणि माझी ओळख एका तुटलेल्या कवळीमुळे झाली. प्रेमकथेच्या सुरुवातीला हे काही शोभत नाही, मला मान्य आहे. कोणाची ओळख बागेत होते, कोणाची ग्रंथालयात. आमच्या वाट्याला वरच्या जबड्याचे दोन तुकडे आले.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दवाखान्यांतून जबड्यांचे प्लास्टरचे साचे येतात, मी त्यांवर मेण चढवते, दात बसवते, मग घासून चकचकीत करते. दिवसभर पांढऱ्या धुळीत बसायचं आणि संध्याकाळी केस झटकून घरी जायचं. घरी वाट बघायला कुंडीतलं एक रोप, आणि तेही माझ्यावर कायम नाराज. त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं होतं, काचेवर बारीक पाऊस रेंगाळत होता. मी मेणाची वडी तारेने कापत होते, तेवढ्यात दारात एक उंच, भिजलेला माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या हातात रुमाल होता आणि रुमालात ते दोन तुकडे.

"आईची आहे," तो म्हणाला. "बेसिनमध्ये पडली. तिचं म्हणणं, मी पाडली."

"आणि तुमचं म्हणणं?"

"सध्या तिला धड बोलता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वादात मीच जिंकतोय. पण अशा जिंकण्यात मजा नाही. लवकर कराल का?"

मला हसू आलं. तो मात्र माझ्या हाताकडे बघत होता.

"ती तार… गिटारची आहे. पहिली, सगळ्यात बारीक."

"हो. तुटली तेव्हापासून इथे कामाला लागलीय."

"म्हणजे तुमच्या घरी एक गिटार आहे, आणि तिला पाचच तारा."

"तीन," मी खरं ते सांगून टाकलं. "आणखी दोन मेणातच संपल्या."

मी कोणाचं तरी मूल उपाशी ठेवल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. कवळी न्यायला आला तेव्हा त्याने नव्या तारांचं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "या कापायच्या नाहीत. दर गुरुवारी संध्याकाळी मी मोकळा असतो." मग कानापर्यंत लाल होऊन, "म्हणजे… शिकवायला," असं जोडून निघून गेला.

त्याची खोली एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होती. जिना अंधारा, भिंतींना ओल, कोपऱ्यात गळक्या छपराखाली बादली. दोन खुर्च्या, पायाखाली घ्यायचा एक लाकडी पाट, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची राखाडी भिंत. खालचं किल्ल्या कापायचं मशीन मध्येच किंचाळायचं आणि तो शांतपणे म्हणायचा, "थांबा, खालच्यांचं गाणं होऊ दे." मी त्याला मास्तर म्हणायचे. माझ्या बाह्यांवरची पांढरी धूळ बघून तो मला प्लास्टरबाई म्हणायचा.

"काय शिकायचंय, प्लास्टरबाई?"

"उदास काहीतरी."

"ते शिकवावं लागेल असं वाटत नाही."

"चेहऱ्यावरून म्हणताय?"

"चेहऱ्यावरून नाही… बसण्यावरून. गिटार अशी धरता, जणू ती कोणी तुमच्याकडे विसरून गेलंय."

तेव्हा आम्ही मायनर घेतला, पाश्चात्य संगीतातला उदास स्वरक्रम. तो तीन तऱ्हांचा असतो, मास्तर म्हणाले. साधा, हार्मनिक आणि मेलडिक. "तिन्ही झाले की माझ्याकडचं संपलं. पुढे तुम्ही आणि तुमची गिटार." साधा मायनर मी पानगळीच्या आधी शिकले. हार्मनिकला जरा वेळ लागला. दर गुरुवारी सुरुवातीला तो माझ्या डाव्या हाताची बोटं आपल्या तळव्यावर घेऊन एकेक टोक दाबून बघायचा. "अजून मऊ आहेत," असं म्हणायचा आणि हात सोडायला गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लावायचा. मीही तो काढून घ्यायची घाई कधी केली नाही.

मग थंडीत मेलडिक मायनर आला.

"हा जाताना एका वाटेने जातो आणि येताना दुसऱ्या," त्याने वाजवून दाखवलं. ए पासून वर चढताना सहावा आणि सातवा स्वर अर्ध्या पायरीने उंच घ्यायचे: एफ शार्प, जी शार्प, आणि मग वरचा ए. सगळी उदासी त्या दोन पावलांत जरा उजळते. खाली येताना मात्र तेच दोन स्वर पुन्हा खाली आणायचे, साधा जी, साधा एफ, आणि अंधारात परत.

"असं का?"

"वर जाताना माणसाला वाटतं, आलंच घर. उतरताना कोणाला फसवायचं?"

असं काही बोलून झालं की तो उगाच गिटारच्या खुंट्या पिळत बसायचा. मला तो त्या वेळी इतका आवडायचा, की मी खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत राहायचे.

खरं सांगते, तो स्वरक्रम मला त्याच आठवड्यात आला. घरी, रोपासमोर, चढताना आणि उतरतानाही. पण गुरुवारी मास्तरांसमोर बसले आणि त्यांचं ते वाक्य आठवलं. तिन्ही झाले की माझ्याकडचं संपलं. मी वर चढले, वरच्या ए वर पोचले, आणि उतरताना सरळ चढतानाचेच स्वर घेतले.

मास्तर म्हणाले, "काही लोक उतरतानाही असंच वाजवतात. त्यांच्याकडे ते चालतं. माझ्याकडे नाही चालत… पुढच्या गुरुवारी बघू."

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा चुकले. त्याच्या पुढच्याही. बाहेर दिवस लवकर मावळत होते, बादलीत टपटप चालू होती, आणि मी नेमाने, मन लावून चुकत होते. मास्तर रागावले नाहीत. "उतरताना काय होतं तुम्हाला?" एकदा त्याने विचारलं.

"खाली यावंसं वाटत नाही."

"मग वरच राहा थोडा वेळ," तो हळूच म्हणाला.

हे असंच चाललं असतं. पण एका सोमवारी त्याची आई लॅबमध्ये आली. ठेंगणी, टोपी कानांवर ओढलेली, हातात पिशवी. कवळी हिरडीला टोचतेय म्हणाली. मी ती घेऊन घासायला बसले आणि काकू माझ्या समोरच्या स्टुलावर, तोंडावर रुमाल धरून, बोळक्या तोंडाने बोलत राहिल्या. मला कान देऊन ऐकावं लागत होतं.

"याचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा याने स्टेज सोडलं. थोडे दिवस म्हणाला होता. वडील जाऊनही काळ लोटला, पण याचे थोडे दिवस अजून संपले नाहीत. दुसऱ्यांना शिकवत बसलाय. स्वतः वाजवायचं राहूनच गेलं."

"आता वाजवता येईल की."

"तेच सांगायला आले… म्हणजे टोचत होतं म्हणून आले." काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. "मोठ्या बोटीवर वाद्यवृंद असतो ना, त्यात गिटारवाला हवाय. याला बोलावलंय. रोज माणसांसमोर वाजवायचं. या शुक्रवारी होकार कळवला नाही तर दुसऱ्याला घेतील. आणि हा म्हणतो, एका विद्यार्थिनीचा धडा अर्धवट आहे, तिला मध्येच सोडून कसा जाऊ."

माझ्या हातातलं यंत्र फिरत राहिलं. जिथे काही टोचत नव्हतं तिथेच मी घासत होते.

"कोण… कोण विद्यार्थिनी?"

"पोरी, दात गेलेत माझे. डोळे नाहीत गेले."

मी कवळी धुऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बसवली, दोनदा टकटक करून बघितली आणि आता स्पष्ट शब्दांत म्हणाल्या, "मला तू आवडतेस. म्हणूनच सांगतेय."

"तो गेला तर तुम्ही एकट्या पडाल, काकू."

"मी एकटी राहीन, तो वाजवेल. तो राहिला तर आम्ही दोघंही नुसते बसून राहू." त्या उठल्या, टोपी पुन्हा कानांवर ओढली. "शिकून टाक म्हणावं तिला."

गुरुवारपर्यंत मला झोप लागली नाही. मला त्याचा राग आला, काकूंचा आला, त्या न बघितलेल्या बोटीचा तर फारच आला. मी काही थोर बाई नाही. शुक्रवार उलटेपर्यंत गप्प बसावं, काकूंना म्हणावं मी प्रयत्न केला, असं माझ्या मनात एकदा नाही, अनेकदा आलं. पण वाजवताना तो ती दोन पावलं उजळत वर जायचा तेव्हा त्याचा चेहरा कसा व्हायचा, ते मी बघितलं होतं. तो चेहरा त्या ओल्या खोलीत मी एकटीच बघत होते.

गुरुवारी जिना नेहमीपेक्षा अंधारा वाटला. मास्तरांनी माझी बोटं हातात घेतली.

"घट्टे पडले," तो म्हणाला. त्याला आनंद झाल्यासारखं काही वाटलं नाही.

मी पाटावर पाय ठेवला. चढले. एफ शार्प, जी शार्प, ए. वर पोचून थांबले, जितकं थांबता येईल तितकं. मग उतरले. साधा जी. साधा एफ. ई, डी, सी, बी… आणि खालचा ए. एकही बोट अडखळलं नाही. खालचं मशीनही नेमकं त्या वेळी गप्प होतं, त्यामुळे शेवटचा स्वर खोलीत बराच वेळ राहिला.

मास्तर माझ्या बोटांकडे बघत होते.

"चुकलं," तो म्हणाला.

"काय?"

"चुकलं. परत वाजव."

इतके दिवस मी 'तुम्ही' होते. त्याच्या ते लक्षात आलं नसावं.

"चुकलं नाही, मास्तर."

"चुकलं म्हणतोय ना. पुढच्या गुरुवारी—"

"पुढच्या गुरुवारी तुम्ही इथे नसायला हवं."

तो उठून खिडकीशी गेला. राखाडी भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत राहिला. "आई आली होती," तो म्हणाला. तो प्रश्न नव्हता.

"हिरडीला टोचत होतं त्यांच्या."

"तुला वाटतं मला कळलं नाही? पहिल्या दिवसापासून कळलंय. खरं चुकणारं बोट अडखळतं, शोधतं, घाबरतं. तुझं बोट कसं… आरामखुर्चीत बसावं तसं त्या चुकीच्या स्वरावर जाऊन बसायचं."

माझे कान तापले. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बरोबर वाजवलं असतंस." तो माझ्याकडे वळला. "आज का वाजवलंस?"

"तुम्ही राहावं म्हणून चुकत होते. तुम्ही जावं म्हणून आज वाजवलं. मला तुम्ही आवडता… फार आवडता, आणि दोन्ही त्याच कारणाने केलं. मला यापेक्षा नीट सांगता येत नाही."

तो येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. गुडघ्याला गुडघा लागला. माझ्या बाहीवरची धूळ त्याने बोटाने पुसली. ती गेली नाही, त्याच्याच बोटाला लागली.

"मी नाही गेलो तर?"

"तर मी दर गुरुवारी येईन. आणि दर गुरुवारी मला वाटेल, मी तुम्हाला या खोलीत कोंडलंय. मग एक दिवस तुम्हालाही तसंच वाटेल."

"आणि गेलो तर?"

"तर मला रडू येईल," मी म्हटलं, आणि ते तिथेच आलं. त्याने माझी घट्टे पडलेली बोटं ओठांना लावली. त्या टोकांना आता फारसं काही जाणवत नाही, पण ते जाणवलं. खाली मशीन पुन्हा किंचाळायला लागलं आणि या वेळी तो थांबा म्हणाला नाही.

शुक्रवारी त्याने होकार कळवला. पुढच्या आठवड्यात तो गेला. निरोपाला मी गेले नाही, कारण लॅबमध्ये काम होतं आणि कारण मी भित्री आहे. जाताना त्याने तो लाकडी पाट माझ्या दारात ठेवला होता. त्यावर आता कुंडी ठेवलेली आहे. रोपाला तिथे जरा जास्त उजेड मिळतो, तरी ते नाराजच आहे.

थंडी अजून सरलेली नाही. गुरुवारची संध्याकाळ कशी घालवायची ते मला कळत नाही. मी जास्तीचं काम मागून घेते.

काल गुरुवारच होता. लॅब बंद व्हायच्या सुमाराला काकू आल्या. टोपी कानांवर, हातात पिशवी.

"टोचतंय," त्या म्हणाल्या. "डावीकडे."

मी कवळी दिव्याखाली धरली. बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. डावीकडे काही नव्हतं, उजवीकडेही काही नव्हतं. माझ्या हातून इतकी गुळगुळीत कवळी क्वचितच झाली असेल. काकू रुमालाआडून माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्यांच्या घरातली ती शांतता इथपर्यंत ऐकू येत होती.

"आहे थोडंसं," मी म्हटलं. "एका खेपेत नाही व्हायचं. पुढच्या गुरुवारी पुन्हा यावं लागेल."

त्यांनी मान डोलावली. मी यंत्र सुरू केलं आणि कवळीला न टेकवता थोडा वेळ नुसतंच फिरवलं. मग चहा टाकला. कवळी बसवून, कप दोन्ही हातांत धरून काकू म्हणाल्या, "काल त्याचा फोन आला होता. वाजवतोय, लोक थांबून ऐकतात म्हणे. आवाज वेगळाच लागला त्याचा… पूर्वीसारखा. तुझं विचारत होता. म्हणाला, उतरताना आता नीट जमतं का तिला?"

बाहेर अंधारून आलं होतं. मी चहात साखर ढवळत राहिले. ती केव्हाच विरघळली होती.

"सांगा त्याला," मी म्हटलं, "अजून चुकते म्हणावं."