चौकटीची पूजा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हरिश्चंद्र गुरव जिल्ह्याच्या औषधभांडारात डोळे चोळत बसले होते. उत्सवाच्या जागरणांनी अंग नुसतं मोडून आलं होतं. तेवढ्यात डोंगरवाडीच्या आरोग्यकेंद्रातून परिचारिका शेवंता भोये हिचा फोन आला.

"काका, फुरसं चावलेली बाई आलीय. कपाट सापाच्या विषावरचं औषध सोडत नाही. म्हणतं, पेटी अनोळखी!"

"अनोळखी कशी? परवा माझ्याच भांडारातून गेली ना!"

प्रत्येक पेटीवर नखाएवढी लहरचिठ्ठी असे. दाराशी उभी असलेली श्रवणचौकट रेडिओलहरींतून हाक मारी आणि चिठ्ठी आपला क्रमांक सांगून ओ देई. वाटेतल्या एका जरी चौकटीची नोंद राहून गेली, की पुढचं कपाट उघडत नसे. बनावट सलाईनने गुरवांची बायको गेली, तेव्हा ही व्यवस्था यावी म्हणून ते स्वतः अर्ज घेऊन दारोदार फिरले होते.

ते उठून दाराशी गेले. चौकटीवर खंडेनवमीचं चमकीचं तोरण अजून तसंच होतं, चंदेरी झिरमिळ्या पार जमिनीपर्यंत. हत्यारांबरोबर चौकटीलाही पूजू या, ही हौस त्यांचीच. त्या धातूच्या कागदावर आपटून लहरी माघारी फिरल्या होत्या, आणि झांजांच्या गजरात चौकट बहिरी झाल्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"घ्या! नटवायला गेलो आणि कानच बुजवले तिचे."

"कुणाचे कान? काका, हिच्या हिरड्यांतून रक्त येतंय. जिल्ह्याला न्यायला तीन तास लागतील!"

वाट एकच होती. भांडारपालाने मेजावरच्या पडद्यावर अंगठा टेकवून साक्ष द्यायची, की पेटी माझ्या डोळ्यांदेखत गाडीत चढली. पण गुरव तेव्हा टाळ धरून, डोळे मिटून आरतीत रंगले होते. मागे कुणी काय भरलं, त्यांना काय ठाऊक? पेटी बदललेली निघाली तर?

"काका, आहात ना?"

"आहे गं बाई."

जन्म कीर्तनं ऐकण्यात गेलेला. खोट्याला जीभ रेटत नव्हती. मेजाशी येऊन त्यांनी मुकाट्याने पडद्यावर अंगठा टेकवला.

"उघडलं!" शेवंता ओरडली. फोन चालूच राहिला. "मावशी, हात हलवू नको हां... लावतेय बघ, झालंच."

गुरव खुर्चीत बसले. पडद्यावर नवी ओळ उमटली.

'साक्ष मान्य. त्याच वेळी आणखी अकरा पेट्या नोंदीविना गेल्या आहेत. त्याही आपण डोळ्यांनी पाहिल्या होत्या का?'