ऐनटोल्याचा नेम

"वाघानं मानूस नेला, मॅडम. आमचा टेकचंद नेला."

साकोली ठाण्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने डोक्यापासून हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळला होता. नाक आणि डोळे तेवढे दिसत होते. डिसेंबरातली थंडी होती, त्यामुळे मफलरचं कुणालाच काही वाटलं नाही.

फौजदार हर्षा गणवीरने कानाचा फोन खाली ठेवला. पलीकडे अश्विन होता, ऐनटोल्यातल्या होमस्टेचा मालक. लेकीला, प्रतिक्षाला, नाताळच्या सुट्टीत वाघ दाखवायचा म्हणून हर्षा आठवडाभर सफारीच्या मागे लागली होती. नागझिऱ्याच्या गेटवर एकही गाडी शिल्लक नव्हती. अश्विन मात्र आत्ताच म्हणाला होता, "गेट सोडा, मॅडम. माझ्या मचानावर या. पंचवीस तारखेला वाघ दिसला नाही तर नाव बदलून टाकीन."

वाघ काय याच्या घरचा गडी आहे, असं तिच्या मनात आलं होतं. पण लेकीचा हट्ट मोठा. पोलिसीण झाली तरी आई ती आईच.

"तुम्ही कोण?" तिने मफलरवाल्याला विचारलं.

"भैय्यालाल जी. टेकचंदचा चुलतभाऊ. आमी कोसा पाळतो, ऐनाच्या झाडाईवर. तो त्याच्या झोपडीत, मी माह्या. पंधरवडा झाला, ऐनातून हाललो नाही. आज फटफटल्यावर उठलो, तं तो पडला होता."

"रात्री काही ऐकलंत?"

"वाघ गुरगुरला. आन् दारूचा वास येऊन राहिला होता त्याच्या झोपडीकून." भैय्यालालने मान खाली घातली. "आता मेल्या मानसाचं काय सांगाव, जी."

सांगायचं नाही म्हणत त्याने सगळं सांगून टाकलं होतं.

ऐनटोला जंगलाच्या अगदी काठावर. गावामागे ऐनाची झाडं, आणि त्या झाडांवर रेशमाचे हिरवे किडे. किडा पाला खातो, कोसा विणतो, आणि तो कोसा पुढे मोहाडीच्या विणकरांकडे जातो. तोवर पाखरांपासून आणि मुंग्यांपासून किडे राखत माणसं झाडांखालीच राहतात.

टेकचंद पालथा पडला होता. एका मांडीचा लचका गेलेला. डोक्यामागे रक्त वाळलेलं. आजूबाजूला वाघिणीचे पंजे स्पष्ट उमटले होते. अंगाजवळ देशी दारूची रिकामी बाटली होती आणि कोंबडीची हाडं, लालभडक रंगाची. हर्षा खाली वाकली. सदऱ्याला दारूचा भपकारा येत होता. दाढी चांगलीच वाढलेली होती, तिलाही वास होता.

थोडं पलीकडे जमिनीत एक खुंटी ठोकलेली होती. खुंटीला पिवळ्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा. दोरी तुटलेली नव्हती, धारेने कापलेली होती.

तीन दाढीवाले कोसापाळे दूर उभे होते. सगळ्यांत म्हातारा परसराम.

"कुणी हात लावलाय याला?" हर्षाने विचारलं.

"नाही जी. कोनी शिवला नाही. शिवनारही नाही."

शिवणार नाही. हे शब्द हर्षाच्या घराने पिढ्यानपिढ्या ऐकले होते. तिच्या कपाळाला आठी पडली. "काहून?"

"त्यानं नेम मोडलन. किडे झाडावर हायेत तवर मासमच्छी नाही, दारू नाही, अंगाले तेल नाही, दाढीले वस्तरा नाही. घरची पायरीसुद्धा चढाची नाही. कोसे उतरले का नेम सुटते. एकानं मोडला तं सगळ्याईचा कोसा जाते, आन् मोडनाऱ्याले वाघ नेते."

"मग याला खांदा कोण देणार?"

परसराम दोन पावलं मागे सरकला. बाकीचे दोघे जमिनीकडे बघत राहिले.

वनरक्षक अंकुश तिला झाडांमधून फिरवू लागला. टेकचंदच्या झाडांवर बोटाएवढे जाड किडे पाला कुरतडत होते, काहींनी कोसे विणायला घेतले होते. झोपडीच्या दाराशी पाखरं हाकायची गुलेर टांगलेली, गोट्यांचा ढीग तयार. चुलीवरच्या गंजात उकडलेला भात तसाच होता. पलीकडच्या झाडांवर मात्र नुसत्या मुंग्यांच्या रांगा आणि कावळे. माणसं आली तरी कावळे उडेनात.

"ही कुणाची?"

"भैय्यालालची, मॅडम."

भैय्यालालची झोपडी तिने आत वाकून पाहिली. चुलीत कोळ्याने जाळं विणलं होतं. गंजावर धूळ, घोंगडीवर धूळ. कोपऱ्यातली कुऱ्हाड तेवढी धुऊन लख्ख ठेवलेली.

टेकचंदची बायको कौशल्या अंगणात बसली होती. शेजारची एकही बाई तिच्याजवळ नव्हती. गाव एकदा पाठ फिरवायचं म्हणालं की किती लवकर फिरवतं, याची हर्षाला चीड आली. कुंपणाला म्हशीचं एक रेडकू बांधलेलं होतं, गळ्यात पिवळ्या नायलॉनची दोरी.

"हे तुमचं?"

"नाही जी. काल सांजेले तेच घेऊन आले. कुंपनाच्या भाईर उभे राहिले. म्हनले, याले पानी पाज. मी म्हनली, च्या तं घेऊन जा. नाही म्हनले. पायरी चढली नाही त्याईनं."

"कोणाचं आहे ते सांगितलं?"

"नाही. म्हनले, 'ऐनात कोन काय करून राहिलं ते उद्या परसराम बाबाले सांगतो.' बस, एवढंच."

हर्षा उठली तशी कौशल्याने तिचा हात धरला.

"मॅडम, वाघानं नेला असंन तं नेला. जंगलात राहतो आमी, समजते मले. पन मानसानं नेम मोडला नाही. एवढं कोनीतरी म्हना. सांजेले मुडदा येईन दवाखान्यातून. चार खांदे कुठून आनू मी?"

 हर्षाने तो हात दाबला.

अश्विनच्या होमस्टेत नाताळची तयारी चालली होती. मचानाला नवा रंग लावलेला, शिडी पिवळ्या नायलॉनच्या दोरीने आवळलेली. मचानाचं तोंड थेट ऐनाकडे होतं.

"भयंकर झालं, मॅडम," अश्विन म्हणाला. "पण तुम्ही तुमचा बेत बदलू नका. मुलीला निराश कशाला करायचं? जेवून जा, आमची तंदूर कोंबडी खाऊन बघा. अख्ख्या गावात आमच्याकडेच मिळते."

"वाघ दिसणारच, हे तुम्ही एवढं छातीठोकपणे कसं सांगता?"

"अनुभव आहे ना."

"भैय्यालाल तुमच्याकडे येतो?"

"कोण, कोसावाला? ओळख आहे. एवढीच."

मागच्या दाराने तिने पाहिलं. तंदूरच्या भट्टीजवळ भैय्यालाल उकिडवा बसून बशीत चहा ओतत होता. चहासाठी मफलर खाली ओढलेला. गाल गुळगुळीत, हनुवटीवर वाळलेली खपली. पावलांचा आवाज ऐकताच त्याने मफलर वर घेतला.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. हर्षाने मोजके प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि लगेच ऐनटोल्याकडे गाडी वळवायला सांगितलं.

ऊन कलताना टेकचंद अंगणात आला. तिरडी बांधलेली होती, पण उचलायला कुणी नव्हतं. हर्षाने परसरामला आणि त्याच्या दोन सोबत्यांना बोलावून घेतलं. अश्विनलाही आणवलं. भैय्यालाल आपणहून आला होता, मफलर गुंडाळूनच.

"टेकचंदला वाघिणीने मारलं नाही," हर्षा म्हणाली. "डोक्यामागे कुऱ्हाडीच्या पाठीचा घाव आहे. त्याने तो मेला. वाघिणीने लचका तोडला तो त्यानंतर. डॉक्टर तसं लिहून द्यायला तयार आहेत."

परसरामने तिरडीकडे पाहिलं.

"आता वाघीण तिथे आली कशी? खुंटी आणि पिवळी दोरी. कुणीतरी जिवंत रेडकू बांधून तिला रोज त्याच जागी यायची सवय लावत होतं. मचानाच्या अगदी समोर. नाताळच्या पाहुण्यांना वाघ दाखवायचा वायदा केला होता ना, अश्विन?"

अश्विनचा चेहरा उतरला.

"टेकचंदने काल ती दोरी कापली आणि रेडकू इथे आणून बांधलं. उद्या परसराम बाबांना सांगतो म्हणाला. तो उद्या कुणीतरी येऊ दिला नाही."

"मंग दारू? कोंबडी?" परसरामने विचारलं.

"तिथेच मी अडले होते. माणूस वाघाच्या तोंडी दिला, पंजे उमटलेले, लचका तोडलेला. बाहेरच्या खुन्याला तेवढं पुरलं असतं. बाटली आणि हाडं ठेवायचे कष्ट त्याने कशाला घेतले असते? ती कुणासाठी ठेवली, बाबा? पोलिसांसाठी नाही. तुमच्यासाठी. नेम मोडला म्हटलं की ऐनटोल्यात पुढे कुणी एक शब्द विचारत नाही, हे ज्याला माहीत होतं त्यानेच ती ठेवली. म्हणजे खुनी तुमच्यातला. कोसापाळाच."

परसरामने आपल्या सोबत्यांकडे पाहिलं.

"टेकचंदच्या पोटात नुसता भात होता. दारूचा थेंब नाही. दारू सदऱ्यावर आणि दाढीवर ओतलेली. हाडं लाल रंगाची, तंदूरची. ती गावात एकाच ठिकाणी मिळतात, आणि तिथे चहाला एकच कोसापाळा बसतो. त्याच्या झाडांवर कावळे निवांत बसलेत. त्याच्या चुलीत कोळ्याचं जाळं आहे. आणि म्हणे पंधरवडाभर ऐनातून हलला नाही." हर्षा वळली. "भैय्यालाल, मफलर काढा."

"थंडी हाय जी."

"काढा."

त्याने काढला नाही. परसराम पुढे झाला आणि त्यानेच तो ओढला. तिन्ही दाढीवाले त्या गुळगुळीत चेहऱ्याकडे बघत राहिले.

"भाऊ मेला म्हनून केली," भैय्यालाल घाईने म्हणाला. "सुतकाची."

"भाऊ अजून तिरडीवर आहे, भैय्यालाल. सुतकाचा वस्तरा जाळून आल्यावर लागतो. आणि सकाळी वस्तरा लागला असता तर खपली दुपारपर्यंत अशी वाळून काळी पडली नसती. सगळ्या झोपडीवर धूळ आणि कुऱ्हाड तेवढी धुतलेली. ती आता आमच्याकडे आहे. लाकडी दांड्यातलं रक्त पाण्याने जात नाही."

भैय्यालाल गर्रकन वळला.

"गाइड बनवतो म्हनला हा," त्याने अश्विनकडे बोट केलं. "खाकी कपडे देईन, पाहुन्याईसंग गाडीत बसशीन. दाढी काढ म्हनला, जंगली दिसतेस. मी रेडके बांधले. टेकचंदनं पाह्यलं. म्हनला, तुह्यापायी सगळ्याईचा कोसा जाईन. मी हात जोडले त्याले. आयकलाच नाही."

"मी खून करायला सांगितलं नव्हतं!" अश्विन ओरडला. "फक्त रेडकू बांध म्हटलं होतं!"

"तोही गुन्हाच आहे," हर्षा म्हणाली. "वाघ दिसला नाही तर नाव बदलणार होतात ना? राहू द्या. आहे तेच लिहून घेते."

शिपायांनी दोघांना जीपकडे नेलं. भैय्यालाल कौशल्यासमोरून गेला. तिने मान वर केली नाही.

परसराम तिरडीजवळ आला. सकाळी ज्याला शिवणार नाही म्हणाला होता, त्या टेकचंदच्या पायांवर त्याने डोकं टेकलं. म्हातारा हुंदके देऊन रडला.

"चुकलो, बाई," तो कौशल्याला म्हणाला. "लई चुकलो."

कौशल्याने पदराने डोळे पुसले. "रडनं मंग करा, बाबा. त्याच्या झाडाले आता कोन राखते ते सांगा. कावळे येऊन राहिले."

"आमी राखतो. त्याचे कोसे आधी उतरवतो, मंग आमचे."

ती उठली. परसराम आणि त्याचे सोबती तिरडीला लागले. खांदे तीनच होते. चौथा भैय्यालालचा असायला हवा होता.

वनरक्षक अंकुश पुढे सरकला, पण कौशल्याने त्याला हातानेच थांबवलं. पदर खोचला आणि मोकळ्या बांबूखाली आपला खांदा दिला. बाईमाणसाने खांदा द्यायचा रिवाज ऐनटोल्यात नव्हता. तिला कुणी अडवलं नाही.

हर्षाच्या खिशात फोन वाजला. प्रतिक्षा होती. हर्षाने तो बंद केला, टोपी काढून हातात घेतली आणि तिरडीच्या मागे चालू लागली.