लोखंडी दोरावरचे ठोके

सांगतो, पण मध्ये बोलायचं नाही. आणि ते सूप संपवा आधी, गार होतंय.

गावाच्या वरच्या अंगाला नदीला आडवी ओंडक्यांची माळ तरंगत असते, जाड लोखंडी दोरात ओवलेली. तिच्यामागे बर्फ अडून राहतो म्हणून खालचा पूल वाचतो. वसंतात ताण फार वाढला की काठावरच्या खुंटावरून दोर सोडायचा आणि बर्फ थोडाथोडा पुलाखालून जाऊ द्यायचा; खुंटच उपटला तर ओंडक्यांसकट सगळा बर्फ एकदम पुलावर आदळतो. पण बर्फावर गेलेला माणूस हातोडीने दोर ठोकत असतो. ठोके येताहेत तोवर दोर सोडायचा नाही, हा बापजाद्यांचा नियम.

त्या दुपारी माझ्या बहिणीचा, डेलिमाचा, नवरा ओव्हीड बर्फावरून ओंडक्यांच्या साखळ्या बघायला गेला आणि धुकं उतरलं. स्वतःचे बूट दिसेनात. ओल्या लाकडाचा वास आणि बर्फाची करकर, बस्स. मी दोराला कान लावला. टण् टण्... टण्... तेव्हा कुठे जिवात जीव आला.

एवढ्यात खुंट हलला. माझ्यासोबत खुंटावर असलेला म्हातारा नाझेर ओरडला, "सोड रे! उपटला तर पूल जाईल!"

"ओव्हीड आहे तिकडे! डेलिमाला काय तोंड दाखवू?"

"आहे ते दाखव, दुसरं कुठून आणणार?" मागून आवाज आला. ओव्हीड! रस्त्याने चालत येत होता. "पलीकडच्या काठाला लागलो, पुलावरून आलो. सोड आता, बघतोस काय?"

मी त्याला मिठीच मारली.

टण् टण्... टण्...

दोन घाईचे, एक रेंगाळलेला. ओव्हीडचाच हात तो, मी झोपेतही ओळखीन.

"कोण आहे... दोरावर?" नाझेर कुजबुजला.

"कोणी नाही. बर्फ वाजतोय," ओव्हीड म्हणाला. "सोड."

मी सोडला. ठोके वेड्यासारखे सुरू झाले, आणि मग थांबले. पूल वाचला. गावाने आम्हाला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

आठवड्याने डेलिमा आली. दारातच उभी राहिली.

"दादा, भांडण नाही, तंटा नाही. पोराला खेळवतो, लाकडं फोडतो... पण त्या दिवशी तू घरी कोणाला आणलंस रे?"

"वेड लागलंय का तुला?"

"बाहेर गाडीपाशी आहे. तूच बघ."

थंडी कडाक्याची होती. डेलिमाच्या तोंडातून वाफ निघत होती, घोड्याच्या नाकातूनही. ओव्हीड हसत हसत मला हाका मारत होता, मोठ्याने, पुन्हा पुन्हा. त्याच्या तोंडापुढची हवा अगदी स्वच्छ होती.