हितसंबंध असल्यास सांगावे

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीचा जिना उतरताना तिचा पाय घसरला, ती कठड्याला मिठी मारून कशीबशी पायरीवर बसली... आणि नेमक्या त्याच क्षणी खालून कुणीतरी टाळी वाजवली.

एकच. खणखणीत. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"शाबासकी राहू द्या," ती वरून कडाडली, "हात दिलात तर उपकार होतील!"

जिन्याच्या तळाशी एक किडकिडीत, उंच तरुण डोळे मिटून उभा होता. त्याने डोळे उघडले तर नाहीतच, उलट ओठांवर बोट ठेवलं.

"श्श... अजून विरला नाही."

"काय विरला नाही?"

"आवाज." मग त्याने डोळे उघडले, पायरीवर बसलेली ती, चौफेर पसरलेले कागद, एक चप्पल खालच्या पायरीवर, हे सगळं पाहिलं आणि त्याचा चेहरा असा काही उतरला की तिचा निम्मा राग जागीच विरघळला. "अरे बापरे! तुम्ही पडलात?"

"मी वाचले. अब्रू गेली."

तो धावत वर आला. चप्पल दिली, कागद गोळा केले, पुन्हा पुन्हा माफी मागितली. तो म्हणे ध्वनीचा अभ्यास करायचा. खोलीत टाळी वाजवायची, तिचा आवाज किती वेळ रेंगाळतो ते यंत्राने मोजायचं, आणि त्यावरून त्या खोलीत माणसाचं बोलणं नीट ऐकू येईल की नाही ते सांगायचं. शाळांचे वर्ग कसे असावेत, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्या मुलांनाही बाईंचं बोलणं समजेल, हा त्याचा विषय.

"आणि याचा पगार मिळतो?" तिने विचारलं. आता तिला मजा वाटायला लागली होती.

"पगार मिळतो, यंत्रं मिळत नाहीत. पुढच्या महिन्यात निधी समितीपुढे उभं राहायचंय. तिथे कोणी एक बाई आहेत, त्यांना सगळे चाळणी म्हणतात. अर्जातला बारीकसा खडासुद्धा सुटत नाही म्हणे त्यांच्या नजरेतून. दिसला की बाजूला!"

"खरंय," ती चप्पल घालत म्हणाली. "आत्ताच एक दिसलाय."

त्याला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. तोवर ती कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती, आणि का कोण जाणे, तिचं हसू दुपारपर्यंत ओठांवरून हललं नाही.

चाळणी हे नाव तिने कधीच मनाला लावून घेतलं नव्हतं. विद्यापीठाच्या मूल्यमापन कक्षात ती संख्याशास्त्राची पदवी घेऊन लागली होती. लोकांच्या करातून आलेला संशोधनाचा पैसा आणि तो मागणारे हात यांचा मेळ कधीच बसत नसे, म्हणून प्रत्येक संशोधकाला गुण दिले जात. किती लेख छापून आले, इतरांनी त्यांचा किती आधार घेतला, किती विद्यार्थी घडवले. गुण ठरावीक रेषेच्या वर गेले तर निधी, खाली राहिले तर नमस्कार. हे गुण ती काढायची, आणि अर्जदाराचं काम प्रत्यक्ष पाहून समितीपुढे त्याच्याबद्दल बोलायचीही तीच. आकडे खोटं बोलत नाहीत असं ती सगळ्यांना सांगायची. आकडे सगळं खरं सांगत नाहीत, हे मात्र ती मनातल्या मनातच ठेवायची.

तर अशी ही बाई एका दुपारी टाळीवाल्याचं काम पाहायला विद्यापीठामागच्या शाळेत पोचली. चिमुकल्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसली. समोर मुलांनी भरलेला वर्ग, मधोमध तिकाटण्यावर मायक्रोफोन, आणि हा पठ्ठ्या मुलांना विनवत होता, "फक्त अर्धं मिनिट कुणी शिंकू नका रे बाबांनो!" अर्थातच लगेच तिघे शिंकले. त्यात खिडकीच्या काचांवर पावसाची तडतड सुरू झाली. त्याने हात टेकले, वर्गाच्या बाईंनी मुलांना खेळायला बाहेरच्या ओसरीत नेलं आणि वर्गात दोघंच उरली.

"पाऊस आला की आमच्या खात्याला सुट्टी," तो म्हणाला.

"तुमच्या अर्जात एक गोष्ट कळली नाही." तिने मुद्दाम कोरडा सूर लावला. "तुमचा सगळ्यात गाजलेला लेख तुम्ही गेल्या आठवड्यात मागे घेतलात. का?"

तो शेजारच्या बाकावर बसला. त्याचे गुडघे तर तिच्यापेक्षाही वर आले.

"चुकला होता म्हणून. मी वर्ग मोजले ते सुट्टीत. वर्ग मोकळे तेव्हाच मिळतात ना! रिकाम्या वर्गात आवाज घुमत होता, म्हणून मी लिहिलं, भिंतींना जाड पडदे लावा. पण... मुलं राहिली."

"राहिली म्हणजे?"

"मोजायची राहिली. मुलांचे कपडे, दप्तरं, ती स्वतः... सगळी आवाज पिऊन टाकतात. भरलेल्या वर्गाला पडदे लागतच नाहीत. लावले तर बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायच्या आधीच मरतो. ज्याला कमी ऐकू येतं त्याला आणखी कमी." तो स्वतःशीच हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मुलांच्या वर्गाचा अभ्यास केला आणि मुलांनाच विसरलो."

"समितीची बैठक होईपर्यंत थांबला असतात तर? त्या लेखाचे गुण गेले तुमचे. तुम्ही रेषेच्या खाली गेलात, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण एका शाळेने पडदे शिवायला टाकले होते हो."

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. ती काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं लोकांना गुण वाढवून सांगताना तिने पाहिलं होतं. आपले गुण आपल्या हाताने खाली आणणारा माणूस तिने आज पहिल्यांदा पाहिला, आणि तो तिला आवडला. उगाच आडपडदा कशाला ठेवा... फार आवडला.

"निधी नाही मिळाला तर?" तिने हळूच विचारलं.

"छताच्या फळ्या बनवणारी एक कंपनी आहे, लांबच्या शहरात. ते घेतील मला. चांगला पगार देतात." त्याने ओसरीकडे पाहिलं. "तिथे मुलं नसतात, एवढंच."

मग कशी कोण जाणे, ती आपल्या बाबांबद्दल सांगायला लागली. त्यांचा एक कान गेला होता, दुसरा जायच्या बेतात होता, आणि यंत्र कानाला लावलं की नुसता कल्ला ऐकू येतो म्हणून ते काढून ठेवायचे. हल्ली घरात काहीही विचारलं तरी ते नुसतं हसून "हो, हो" म्हणायचे.

"खुर्ची कुठे असते त्यांची?" त्याने विचारलं आणि खडू उचलला.

ती सांगत गेली, तो फळ्यावर तिचं घर काढत गेला. इथे दार, इथे गुळगुळीत फरशी, ही उघडी भिंत, हा आईचा स्वयंपाकघरातला ओटा. त्याच्या बोटांना खडूची पांढरी भुकटी लागली होती. तिच्या घराभोवती तो इतक्या जपून रेषा ओढत होता, जणू आत माणसं झोपली आहेत.

"खुर्ची इकडे आणा, चांगला कान ओट्याकडे. खाली सतरंजी, आणि या भिंतीला जाड पडदा. मग यंत्र लावायला सांगा."

"पुन्हा पडदाच?"

"तुमच्या घरात वर्गभर मुलं आहेत का?"

"नाहीत."

"मग चालेल." तो लाजून हसला. आता खरं हसला.

रविवारी तिने पडदा लावला. आईने आधी नाक मुरडलं, मग ओट्यापाशी भाजी चिरता चिरता नेहमीसारखी पुटपुटली, "या माणसाला काही सांगून उपयोग नाही."

"आहे की," खुर्चीतून बाबा म्हणाले. "सांग."

आईच्या हातातली सुरी थांबली. डोळे भरून आले, तरी तोंड गप्प बसेना. "घ्या! आता स्वतःच्या घरात बोलायची चोरी झाली!"

बाबा किती तरी दिवसांनी खो खो हसले. नंतर लेकीला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "हे कुणाचं डोकं?"

"विद्यापीठातले एक... अर्जदार आहेत."

"असं होय! कशासाठी अर्ज केलाय त्यांनी?"

"बाबा!"

"ऐकू येतंय मला आता. तुझा आवाज कसा लाजतोय तेसुद्धा."

दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात तो दिसला, तेव्हा तिने हे सगळं त्याला सांगितलं. तो इतका खूश झाला की चहा निवून गेला. उठताना मात्र गंभीर झाला.

"बैठक होईपर्यंत आपण चहा घ्यायला नको. लोक म्हणतील, चाळणीला भोक पडलं."

"चाळणीला भोकंच असतात हो," ती म्हणाली. पण तो गेल्यावर बराच वेळ त्याच्या रिकाम्या कपाकडे पाहत बसली.

बैठकीच्या आदल्या दिवसापर्यंत तिची तयारी पक्की होती. रेषेखालचा एखादा अर्ज वर घ्यायचा अधिकार समितीला होता, पण त्यासाठी अर्ज मांडणाऱ्याने आग्रह धरावा लागे. म्हणजे त्याची सगळी भिस्त तिच्या जिभेवर होती. ती बोलली तर तो राहणार, ती गप्प बसली तर तो छताच्या फळ्या करायला जाणार. काय बोलायचं ते तिला तोंडपाठ होतं.

समितीच्या अध्यक्षबाई निवृत्तीला आलेल्या, करारी. प्रत्येक अर्जाआधी त्या एक वाक्य एका दमात म्हणायच्या, "अर्जदाराशी कोणाचे हितसंबंध असल्यास सांगावे." त्याला उत्तर कधीच येत नसे. तेवढ्या वेळात मंडळी चहाचा घोट घ्यायची.

त्याच्या अर्जाची पाळी आली. वाक्य म्हणून झालं. कप उचलले गेले.

"आहेत," ती म्हणाली.

कप तसेच हवेत राहिले. अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "कोणाचे?"

"माझे."

"नातेवाईक आहेत?"

"नाही."

"एकत्र संशोधन? देणंघेणं?"

"नाही. एकदा चहाचे पैसे त्यांनी दिले."

"मग हितसंबंध कसले?"

"मला... ते आवडतात." मग एकदाची सुरुवात झालीच आहे म्हटल्यावर ती थांबली नाही. "त्यांच्याबद्दल मी जे बोलणार होते ते खरं आहे असंच मला वाटतं. पण ते खरं आहे म्हणून वाटतं, की ते इथून जाऊ नयेत म्हणून वाटतं, हे माझं मलाच सांगता येत नाहीये. ते स्वतः खोट्या गुणांवर आले नाहीत. मी त्यांना तसं आत आणणं बरं नाही."

समितीतले वित्त अधिकारी खोकले. अध्यक्षबाईंचा चेहरा मात्र हलला नाही.

"त्यांना माहीत आहे हे?"

"नाही."

"म्हणजे त्यांच्याआधी आम्हाला सांगितलंत?"

"नियम तसाच आहे, बाई."

"बाहेर बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि घाईघाईने कपात तोंड लपवलं.

बाहेर बाकावर तो बसलाच होता, इस्त्रीच्या शर्टात, हातांचं काय करावं ते न कळून. तिला पाहून उठला.

"तुम्ही बाहेर? आत माझाच अर्ज चाललाय ना?"

"हो."

"मग माझ्या बाजूने कोण बोलणार?"

"तुम्हीच." तिचा आवाज कापला. "पडद्यांचं, मुलांचं... मला सांगितलंत तसंच सांगा. मला आत बसता येत नाही. हितसंबंध आहेत म्हणून."

"कोणाशी?"

तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो बघत राहिला... मग त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून हाक आली, "अर्जदार!" आणि तो दाराच्या चौकटीला खांदा आपटून आत गेला.

ती एकटी बसून राहिली. आतून नुसती कुजबुज येत होती, एक शब्द कळत नव्हता. आपण त्याचं वाटोळं केलं, असं तिला वाटायला लागलं. चार वाक्यं गुपचूप बोलून टाकली असती तर कुणाला कळणार होतं? तिला कळलं असतं, हे खरं. पण तो लांबच्या शहरात गेल्यावर त्या खरेपणाचं काय करायचं? तिचे डोळे झरझर वाहायला लागले आणि नेमका रुमाल आत टेबलावर राहिला होता.

दार उघडलं. तो बाहेर आला, तिच्यासमोर उभा राहिला.

"तीन वर्षांचा निधी मागितला होता," तो म्हणाला. "एका वर्षाचा दिला."

"एक... म्हणजे तुम्ही राहताय?"

"राहतोय. तुमच्या जागी अध्यक्षबाईंनीच आग्रह धरला." त्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला. "शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, बाहेर बसलेल्या बाईंशी तुमचे काही हितसंबंध आहेत का."

तिने रुमालाआडून विचारलं, "मग?"

"मी म्हटलं, ते आधी त्यांना सांगेन, मग तुम्हाला. तर म्हणाल्या, मग इथे काय उभे राहिलात, जा की!"

"मग सांगा."

"मला तुम्ही फार आवडता," तो म्हणाला. इतक्या हळू, की तिच्याशिवाय कुणालाही ऐकू आलं नसतं. मग जरा धीर करून म्हणाला, "पण एक पंचाईत आहे. पुढच्या वर्षी मला पुन्हा याच दाराशी यावं लागणार."

"आणि मला पुन्हा बाहेर बसावं लागणार."

"दरवर्षी बसाल?"

तिने सरकून बाकावर त्याच्यासाठी जागा केली.

"दरवर्षी," ती म्हणाली.