तीन खुर्च्यांची मुलाखत

त्यानं मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी एका पिशवीला सांगत होते की मला कंपनी कायद्याची लहानपणापासून ओढ आहे.

तास संपले होते. चौदा नंबरच्या रिकाम्या वर्गात मी तीन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर पिशवी, दुसरीवर छत्री, तिसरी रिकामी. मोठ्या लॉ फर्मच्या मुलाखतीत समोर तिघं बसतात म्हणे. सरावासाठी वर्गात सगळ्यांचे गट पडले होते. मला कोणी बोलावलं नव्हतं, आणि आपण होऊन कोणाकडे जाणं मला तीन वर्षांत जमलं नव्हतं. भिंतीशी बोलण्यापेक्षा पिशवी बरी... दगडापेक्षा वीट मऊ.

तो दुसऱ्या तुकडीतला. मागच्या बाकावर राहिलेली वही न्यायला आला होता. वही घेतली, आणि जायचं सोडून रिकाम्या खुर्चीवर येऊन बसला.

“माझ्या सहकाऱ्यांचं,” पिशवीकडे बघत तो गंभीरपणे म्हणाला, “समाधान झालेलं दिसत नाही. मॅडम, तुमचा एखादा उणेपणा सांगा.”

“मी... फार कष्ट करते.”

“हा उणेपणा आहे की जाहिरात?”

मला राग यायला हवा होता. हसू आलं.

मग तो रोज येऊ लागला. तो साहेब, मी मॅडम. एकदा मी, एकदा तो, आळीपाळीनं उमेदवार.

“आमच्याच फर्ममध्ये का यायचंय?”

“तुम्हीही अर्ज केलाय म्हणून, साहेब.”

“हे... लिहून घेऊ?”

“नको. पिशवीला वाईट वाटेल.”

चेष्टा होती, पण अर्ज खरंच दोघांचेही होते. आणि ती फर्म आमच्या कॉलेजातून एकालाच घेणार होती. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

एकदा मीच त्याला उणेपणा विचारला.

“मला निघायला जमत नाही. कार्यक्रम संपतो, सगळे जातात, मी आपला खुर्च्या रचत बसतो. खोलीवर कोणी वाट बघत नसतं ना.”

त्यानं हे विनोदासारखं सांगितलं. मी छत्रीकडे बघत राहिले.

“आणि मॅडम, शेवटी ते म्हणतील, तुम्हाला काही विचारायचंय? तेव्हा ‘नाही’ म्हणायचं नाही. तुम्ही रोज ‘नाही’ म्हणता.”

संध्याकाळी खोलीवर आईचा फोन यायचा. “जेवलीस का?” “जेवले.” फोन ठेवला की खोली पुन्हा गप्प. पूर्वी ती शांतता खायला उठायची. आता मी तिच्यात त्याची वाक्यं घोळवत बसायचे, पुन्हा पुन्हा, तोंडपाठ होईपर्यंत.

तेच भोवलं. मुलाखतीला तो माझ्या आधी आत जाऊन आला. मग मी. समोर खरोखरच तिघं होते. मधल्या बाईंनी उणेपणा विचारला, आणि माझ्या तोंडून निघालं, “मला निघायला जमत नाही. कार्यक्रम संपतो, सगळे जातात...”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “हेच आम्ही आत्ता ऐकलं. शब्दही हेच. कॉलेजही तेच. कोणाचं खरं समजायचं?”

माझं म्हटलं असतं तर तो चोर ठरला असता, आणि जागा कदाचित माझी.

“त्याचं,” मी म्हणाले. “मी इतक्या वेळा मनात म्हटलं की... माझंच वाटायला लागलं.”

“मग तुमचा उणेपणा?”

“हाच. मला दुसरं कोणी विचारत नाही हो. एकानं विचारलं, तर मी त्याचंच बोलणं घरी घेऊन गेले.”

तुम्हाला काही विचारायचंय का, हे कोणी विचारलंच नाही.

जागा त्याला मिळाली. नोकरीचं शहर दूरचं, सोमवारी रुजू व्हायचं होतं. शुक्रवारी मी चौदा नंबरमध्ये पुन्हा खुर्च्या मांडल्या; पुढच्या आठवड्यात दुसरी, लहानशी फर्म येणार होती. पिशवी, छत्री, रिकामी खुर्ची. रिकामी खुर्ची फारच रिकामी दिसत होती.

तो दारात उभा होता.

“त्या बाईंनी सांगितलं मला,” तो म्हणाला. “सगळं. वेडी आहेस का तू?”

“असेन.”

तो येऊन त्याच्या जागी बसला. बराच वेळ पिशवीचा बंद नीट करत राहिला. मग हळूच म्हणाला, “तुम्हाला... काही विचारायचंय?”

सवयीनं ‘नाही’ ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

“तुला निघायला जमत नाही ना? मग सोमवारी कसा निघणार?”

“तेच सांगायला आलो.” त्याचा आवाज जड झाला. “जमणार नाहीये. मला आवडतेस तू. इथं कोणी वाट बघतंय असं कळलं, तर निघेन... आणि परत येईन.”

“वाट बघेन,” मी म्हणाले. “मला त्याचा चांगला सराव आहे.”

शिपाई किल्ल्या वाजवत येऊन गेला. वर्ग बंद करायचा होता. आम्ही खुर्च्या रचायला घेतल्या, एक त्यानं, एक मी, आणि दोघांनाही अजिबात घाई नव्हती.