सुरकुती न पडणारी फिल्म

भुतांवर माझा विश्वास नाही. तरीही हे खरं आहे, कारण हे भरदुपारी, प्रयोगशाळेच्या लख्ख उजेडात, पाहुण्यांच्या देखत घडलं. मी तिथे होतो.

माझा मेव्हणा संशोधक. केसाहून पातळ प्लास्टिकची फिल्म रोलरवरून धावते, तेव्हा तिला सुरकुत्या पडतात. त्या पडू नयेत म्हणून याने निम्मं आयुष्य घालवलं. उपाय मात्र सापडला त्याच्या सहकारी बाईंना. सगळे त्यांना ‘इस्त्रीबाई’ म्हणायचे.

एका चाचणीचं चित्रीकरण होतं; कॅमेऱ्याला नीट दिसावं म्हणून मेव्हण्याने रोलरपुढची सुरक्षेची जाळी काढायला लावली.

बाईंचा हात आत ओढला गेला. त्या वाचल्या नाहीत.

चौकशीत ठरलं, बाईंचाच निष्काळजीपणा. शोध मेव्हण्याच्या नावावर लागला.

पाहुणे आले होते त्या दुपारी त्याच शोधाचं प्रात्यक्षिक होतं. फिल्म धावू लागली. काचेसारखी.

मग... एक सुरकुती उमटली.

तिच्या शेजारी आणखी चार. जणू खालून कुणी पंजा टेकवला होता...

ऑपरेटरने घाईने मशीन बंद केलं.

“काही नाही भावोजी, ताण ढिला झालाय,” म्हणत मेव्हण्याने फिल्मवर तळवा टेकवला. ताण हाताने चाचपायची या लोकांना खोडच असते.

“साहेब, हात काढा!” ऑपरेटर ओरडला.

फिल्म थांबली होती. पंजा मात्र सरकत होता...

तो मेव्हण्याच्या तळव्याखाली शिरला. आणि नाहीसा झाला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे कशालाही वाजवतात.

संध्याकाळी मेव्हण्याने मला तळवा दाखवला. त्यावर एकही रेघ नव्हती.

“खरं सांगून टाक,” मी म्हणालो.

“नोकरी जाईल, भावोजी. आणि बाईंना आता काय फरक पडतो?”

पडत होता.

काही दिवसांत त्याचं कपाळ गुळगुळीत झालं. त्याची बायको खूश. कुठलं क्रीम लावता, म्हणून मागे लागली. मग पापण्यांच्या घड्या गेल्या. मग कान सपाट व्हायला लागले... तिने क्रीमचं विचारणं सोडलं.

काल तो माझ्या घरी आला. घामाघूम.

“भावोजी, सगळं सांगतो. ती जाळी मी...”

पुढे आवाज फुटेना. दोन ओठांमधली फट... पुसट होत चालली होती.

मी पेन पुढे केलं. त्या तळव्यातून ते निसटतच राहिलं.

म्हणून हे मी लिहितोय. जाळी त्याने काढायला लावली. बाईंची काही चूक नव्हती. दुसऱ्याने सांगितलेलं त्यांना चालतं का, मला माहीत नाही.

तो शेजारच्या खोलीत पडलाय. श्वास ऐकू येतोय.

नाकातून.

अजून तरी...